काटा मारणारं फंक्शन

नऊ मिनिटं छप्पन्न सेकंद. एवढं लग्न आमचा प्रोग्रॅम बरोबर मोजायचा, आणि लग्न त्याच्या पुढं गेलं की ते वजा व्हायचं. म्हणजे अक्षरशः वजा, आकड्याच्या आधी आडवी रेघ.

परवा ऑफिसमधे एका नवीन पोराचा कोड बघत होतो, जावामधला, आणि त्यात त्याने फाइलची साइझ घेऊन ती बिनधास्त इंटमधे, म्हणजे ३२ बिटांच्या पूर्णांकात, कोंबली होती. कंपायलरने त्याला आधी अडवलं असणार, मग याने कंसात इंट लिहून कंपायलरचं तोंड बंद केलं असणार, कारण जावामधे फाइलची लांबी मुळात लाँग, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक, म्हणूनच मिळते. कोड चालत होता. टेस्ट पास. मी काही न बोलता उठलो, चहा घेतला, आणि परत येऊन त्याला सांगलीच्या आण्णांची गोष्ट सांगितली. ती सांगताना लक्षात आलं की ही मी कधी लिहूनच काढली नाही, म्हणून हा उद्योग.

२०१०-११ ची गोष्ट. आण्णांचा फोटो स्टुडिओ, पण खरा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. तेव्हा सगळं मिनीडीव्ही कॅसेटवर. एक कॅसेट साठ मिनिटांची, एका लग्नाला चार-पाच कॅसेटी, साखरपुडा आणि हळद धरली तर जास्तच. मग ती कॅसेट कॅमेऱ्यात घालून फायरवायरच्या केबलने कॉम्प्युटरवर कॅप्चर करायची, तासाच्या कॅसेटला तासच लागतो, आणि त्याच्यावर मिक्सिंग करून शेवटी डीव्हीडी पार्टीला द्यायची. रॉ फुटेज डिस्कवर पडून राहायचं, कारण पार्टी सहा महिन्यांनी येऊन म्हणायची की आमच्या मामांना तुम्ही घेतलंच नाही, आणि मग मामा शोधायला लागायचे.

डिस्का वाढत गेल्या, कुठलं लग्न कुठल्या डिस्कवर ते कुणाला आठवेना, म्हणून आण्णांनी मला बोलावलं. मी तेव्हा एका बारक्या वेब कंपनीत पीएचपी (वेबसाइटी बनवायची एक भाषा) करत होतो, वर अशी सुटी कामं. स्टुडिओतल्या विंडोजवर झॅम्प (पीएचपी चालवायचा तयार संच) टाकलं, एक यादी बनवून दिली : पार्टीचं नाव, गाव, तारीख, कॅसेट नंबर, डिस्क नंबर, कालावधी, फाइलची साइझ. साइझचा कॉलम आण्णांनी मागितला नव्हता. मीच टाकला, कारण पीएचपीत फाइलसाइझ नावाचं फंक्शन आहे आणि एका ओळीत काम होतं. फुकट मिळतंय तर दाखवून टाकू, एवढाच विचार. माझ्या लॅपटॉपवर ६४ बिटचं लिनक्स होतं, तिथं सगळं झकास चाललं. टेस्टिंगला काय घेतलं होतं तर गाण्यांचा फोल्डर.

चौथ्या दिवशी आण्णांचा फोन.

"ओ इंजिनियर, ह्ये मंगलाष्टकाचं वजन वजा का दाखवतंय?"

मला वाटलं गंमत करतायत. जाऊन बघितलं तर पंधरा मिनिटांची मंगलाष्टकांची क्लिप, आणि समोर साइझ : -०.९८ जीबी. आण्णा बाजूला उभे. म्हणाले, "आमी काय ह्येंचं पैसं देणं लागतो का काय?"

आता हे का होतं ते सांगतो, थोडं गणित आहे, पण आपल्या शाळेतलंच आहे. आपल्याकडं टीव्हीची पीएएल सिस्टीम, सेकंदाला २५ फ्रेम, आणि डीव्हीमधे एक फ्रेम म्हणजे ठरलेले १,४४,००० बाइट. सीन कसाही असो, मांडव असो की अंधार, फ्रेम तेवढीच. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट (हेडर-इंडेक्सचं थोडं वरखाली सोडून द्या). पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद, झाले ३२४ कोटी बाइट. आणि विंडोजवरच्या त्या वेळच्या पीएचपीत पूर्णांक ३२ बिटांचा, मशीन ६४ बिटचं असलं तरीही. ३२ बिटांत एकूण आकडे बसतात सुमारे ४२९ कोटी. मग ३२४ कोटी का नाही बसले? तर त्या वहीची अर्धी पानं जमेला आणि अर्धी पानं नावे टाकायला राखून ठेवलेली असतात. जमेचं शेवटचं पान २,१४,७४,८३,६४७. त्याच्या पुढं लिहायला गेलात की वही आपोआप नावेच्या बाजूला उघडते, आणि तीसुद्धा शेवटाकडून. २१४ कोटी भागिले ३६ लाख करून बघा, ५९६ सेकंद आणि वर थोडं. नऊ मिनिटं छप्पन्न.

फाइलची साइझ कधी वजा असू शकते का हो? नाही. मग तिला नावेची पानं दिलीच कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि उत्तर नंतर सापडलं, ते मला फार आवडतं. युनिक्समधे फाइलची लांबी आणि फाइलमधली जागा दोन्ही एकाच प्रकारच्या आकड्यात ठेवतात. आणि फाइलमधे जसं पुढं जाता येतं तसं मागंही येता आलं पाहिजे, 'इथून शंभर बाइट मागं ये' म्हणायला वजा आकडा हवा. शिवाय काही बिनसलं तर ते सांगायला उणे एक परत द्यायची पद्धत. म्हणजे चूक झाली हे कळावं म्हणून वजाची सोय, आणि त्याच सोयीमुळं दोन जीबीच्या वर चूक. ज्यांनी ठरवलं त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. १९८३ साली आयबीएमचं पीसी एक्सटी आलं त्यात दहा एमबीची हार्डडिस्क असायची. दोन जीबीची एकच फाइल म्हणजे तसल्या दोनशेहून जास्त डिस्का, ते कोण कशाला डोक्यात आणेल.

आणि असंही नाही की कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. १९९६ च्या सुमारास युनिक्सवाल्या कंपन्यांची मंडळी एकत्र बसली, लार्ज फाइल समिट असं त्याला नाव, आणि ३२ बिटच्या मशीनवरसुद्धा फाइलचा आकडा ६४ बिटचा कसा वापरायचा ते त्यांनी ठरवलं. सी भाषेत फाइलमधे हव्या त्या जागी उडी मारायचं जुनं फंक्शन एफसीक, ते लाँग घेतं म्हणून नवीन एफसीकओ आलं, कंपाइल करताना एक स्विच द्यायचा की ऑफसेट, म्हणजे फाइलमधल्या जागेचा आकडा, ६४ बिटचा. म्हणजे आण्णांची मंगलाष्टकं वजा झाली तेव्हा उपाय पंधरा एक वर्षं जुना होता. फक्त विंडोजवर सी चा लाँग हा ६४ बिटच्या मशीनवरसुद्धा ३२ च राहतो, आणि पीएचपीचा पूर्णांक त्या लाँगवर बसलेला. गंमत म्हणजे पीएचपीत तुम्ही स्वतः दोन मोठे पूर्णांक मिळवले आणि बेरीज मावली नाही तर ते गुपचूप तिचा फ्लोट (दशांश चिन्हवाला आकडा) करून देतं, वजा करत नाही. पण फाइलसाइझचा आकडा खालून, सी कडून येतानाच कापून आलेला. वर पोचल्यावर पीएचपी तरी काय करणार.

असो. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मी नेटवर शोधलं, एक ओळीचं उत्तर मिळालं : आकडा छापताना 'टक्का यू' वापरा, म्हणजे बिनचिन्हाचा म्हणून छापला जाईल. टाकलं. -०.९८ च्या जागी ३.०२ जीबी. एक्सप्लोररमधे राइट क्लिक करून बघितलं, ३.०२. तंतोतंत! आण्णा म्हणाले, "शाब्बास." मी चहा प्यालो, पाचशे रुपये घेतले आणि घरी गेलो.

ही माझी खरी चूक. वजा आकडा नव्हे.

कारण बिनचिन्हाचं करून काय झालं, तर नावेची पानंसुद्धा जमेला धरली. वही दुप्पट झाली, २१४ कोटीची ४२९ कोटी. पण संपली नाही असं नाही ना. एकोणीस मिनिटं त्रेपन्न सेकंदांना ती परत संपते, आणि आता नावेची पानंच नाहीत त्यामुळं ती थेट पहिल्या पानावर येते, शून्यापासून. सेकंडहँड स्कूटर घेताना जुनी माणसं म्हणतात बघा, मीटर एकदा फिरून आलाय का विचार. पाच आकड्यांचा मीटर, ९९,९९९ झाले की शून्य, आणि दाखवतो बारा हजार. एजंट शपथेवर सांगतो बारा हजारच चाललीय. आणि मीटर काही खोटं बोलत नसतो, त्याला तेवढंच येतं.

आधी निदान वजाची रेघ होती. ती बघून आण्णा ओरडले होते. मी ती रेघ पुसली. आता यादीत सगळे आकडे शहाण्यासारखे दिसायला लागले, ५०७ एमबी, २.१ जीबी, ३.६ जीबी, आणि त्यातले अर्ध्याहून जास्त खोटे. पंधरा मिनिटांची क्लिप ताडून बघितली होती मी, तासाची कॅसेट नाही.

दोन महिन्यांनी डिस्का भरल्या. कॅप्चर करताना केबल हलली, कॅमेऱ्याची बॅटरी गेली, पोराने चुकून स्टॉप दाबलं की अर्धवट फाइल पडून राहायची, अशा दहा-दहा सेकंदांच्या पंधरा-वीस फाइली जमल्या होत्या. आण्णा म्हणाले, तेवढं काढून टाकायचं बटण दे. मी दिलं. नियम साधा : १०० एमबीच्या खालची एव्हीआय (कॅप्चर केलेल्या व्हिडिओची) फाइल म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आतली, म्हणजे कॅप्चर फसलेलं, उडव. उडव म्हणजे अनलिंक. ते रिसायकल बिनमधे वगैरे जात नाही, थेट जातं.

आता हिशोब करा. पूर्ण तासाची कॅसेट, ३६०० सेकंद, १२९६ कोटी बाइट. ४२९ कोटीच्या वहीची तीन पूर्ण आवर्तनं झाली की १२८८ कोटी आणि काही लाख होतात, उरले साडेसात कोटी. म्हणजे बारा जीबीच्या फाइलची साइझ माझ्या यादीत ७२ एमबी. जी कॅसेट काठोकाठ भरलेली, तीच यादीत सगळ्यात किरकोळ. एकसष्ट मिनिटं असती तर वाचली असती, एकोणसाठ असती तरी वाचली असती. साधारण ५९ मिनिटं ३९ सेकंद ते ६० मिनिटं ८ सेकंद, एवढ्या फटीत जी कॅसेट सापडली ती गेली. (हा हिशोब मी नंतर कागदावर केला. त्या रात्री. तीन वेळा केला.)

बटण दाबलं शनिवारी. स्क्रीनवर आलं की अर्धवट फाइली काढल्या. आण्णांचा फोन आला तो तक्रारीचा नव्हताच, खुशीचा होता. "तुझं बटन लई भारी हाय. म्हनतंय आठशे एमबी काढलं आन जागा हिकडं सदतीस जीबी झाली!"

मी "हो का" म्हणालो. फोन ठेवला. आणि मग पोटात गोळा आला.

आठशे एमबी काढले तर सदतीस जीबी मोकळे कसे होतील. एकतर डिस्क खोटं बोलतेय नाहीतर मी. मी मोटरसायकल काढली आणि स्टुडिओत जाऊन डिस्क बंद करायला लावली, पण तोपर्यंत पोरांनी त्याच मोकळ्या जागेवर दुसरी कॅसेट कॅप्चर करायला घेतली होती. तीन मोठ्या फाइली गेल्या होत्या. दोनच्या कॅसेटी कपाटात होत्या, परत कॅप्चर केल्या, दोन तास गेले फक्त. तिसरी कॅसेट पोरांनी धुऊन वापरली होती, म्हणजे तिच्यावर दुसरं लग्न शूट झालं होतं, तेव्हा सगळेच करायचे, कॅसेट काय स्वस्त नव्हती. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. हाताला तुकडे आले, हिरवे-जांभळे चौकोन.

ती तिसरी कॅसेट म्हणजे मिरजेकडच्या एका घरातली हळद.

आण्णांना सगळं सांगायलाच लागलं. मी माझ्या परीने बिट, बाइट, ३२, ६४ सुरू केलं. त्यांनी थांबवलं. आण्णांची दोन एकर ऊस शेती पण होती, आणि आमच्या भागात ऊस असलेल्या माणसाला एक गोष्ट बरोबर कळते ती म्हणजे काटा. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट काट्यावर चढतो, भरलेलं वजन, मग खाली करून रिकामं वजन, मधला फरक म्हणजे तुमचा ऊस. आणि त्या काट्याने कमी दाखवलं की त्याला म्हणतात काटा मारला. दरवर्षी गळीत हंगामात या शब्दावरनं भांडणं होतात, मोर्चे निघतात.

"म्हंजे काटा मारतंय की रं ह्ये," आण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "मारत नाही आण्णा, काट्याला तेवढंच वजन झेपतं. त्याच्या वर गेलं की परत शून्यापासून दाखवतो."

"मग झेपत न्हाई म्हनून सांगाय नको व्हय? काटा अडकला तर गडी खाली उतरून बघतोय तरी. ह्यो अडकत बी न्हाई. पावती फाडतोय." मग थोडं थांबून, "आन तू बी, तासाभराची हळद सत्तर एमबीत बसतीया का, येवढं तरी इचारायचं हुतंस त्येला."

यावर मला आजपर्यंत चांगलं उत्तर सुचलेलं नाही. मोठमोठ्या पुस्तकांत याला बरीच भारी नावं आहेत, इनपुट तपासणं, सॅनिटी चेक, अमुक तमुक. पण कॅसेटचा कालावधी माझ्याच टेबलमधे बाजूच्या कॉलमला होता! ६० मिनिटं. आणि त्याच्या शेजारी ७२ एमबी. दोन्ही आकडे एकाच ओळीत मांडीला मांडी लावून बसले होते आणि मी रोज ती ओळ बघत होतो.

ऊसवाले काय करतात तर गाडी कारखान्यात नेण्याआधी बाहेरच्या खाजगी काट्यावर वजन करून बघतात, निदान करायचा प्रयत्न करतात. मी तेच केलं. पीएचपीला विचारायचंच नाही, बाहेर विचारायचं. विंडोजवर कॉम म्हणून एक सोय आहे, तिच्यातून विंडोजच्या फाइल सिस्टीम ऑब्जेक्टला फाइल द्यायची आणि साइझ विचारायची, ते मोठा आकडा फ्लोटमधे देतं. फ्लोट म्हणजे अपूर्णांक वगैरे ऐकून घाबरायचं कारण नाही, दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंतचे सगळे पूर्णांक तो अचूक ठेवतो, म्हणजे नव्वद लाख जीबीपर्यंत, आण्णांना पुरेल. दुसरा मार्ग कमांड प्रॉम्प्टचा, फॉर लूपमधे टिल्डा झेड लिहिलं की साइझ छापून येते, ती स्ट्रिंग म्हणून उचलायची. लिनक्सवर असतो तर स्टॅट ही कमांड. मी कॉमचा आकडा आणि कमांडचा आकडा दोन्ही घेऊन जुळवायचो, नाही जुळले तर ओळ लाल. आणि तिसरा ताळा कालावधी गुणिले छत्तीस लाख. फाइल काढायचं बटण काढूनच टाकलं. त्याऐवजी एक फोल्डर, 'बघायच्या', त्यात फाइल नुसती हलवायची, आणि आण्णा स्वतः प्ले करून मग उडवणार.

साइझ सुटली तरी बाकी भोगायचं होतंच. मोठी फाइल म्हणजे नुसता मोजायचा प्रश्न नसतो, आत जायचापण असतो. एफसीकने दोन जीबीच्या पुढं उडी मारता येईना कारण उडीचा आकडाच तेवढा लिहिता येईना, मग छोट्या छोट्या उड्या मारत जायचं. आणि एकदा उत्साहात मी फाइल गेट कंटेंट्सने अख्खी कॅसेट मेमरीत वाचायला सांगितली. तिथं मात्र पीएचपीने सरळ सांगितलं, मेमरीची मर्यादा १३४२१७७२८ बाइट, संपली. हा आकडा पीएचपीवाल्यांना पाठ असतो, १२८ एमबी. मला त्या एररचा तेव्हा राग आला होता, आता तिच्याबद्दल आदर आहे. तिने पावती फाडली नाही.

नंतर मी पुण्याला आलो, पीएचपी सुटलं, पायथन आलं. पायथनमधे पूर्णांकाला काठच नाही, कितीही मोठा लिहा, वही आपोआप जाड होते. मला वाटलं सुटलो. मग एका दिवशी चाळीस जीबीची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) आली आणि कुणीतरी (मीच) नुसतं रीड म्हणून ती सोळा जीबी रॅमच्या मशीनमधे ओतली. माउस हलायचा थांबला, मग पंखा विमानासारखा, मग काहीच नाही. ओळ ओळ वाचली असती तर ती फाइल दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवरसुद्धा निघाली असती. ऊस तोडून आख्खा फड एका ट्रॉलीत घालायला कोण जातं? पण कोड लिहिताना जातो माणूस, कारण टेस्टची फाइल नेहमी मोळीएवढी असते.

आता हे सगळं जुनं झालं म्हणायला हरकत नाही. डिसेंबर २०१५ मधे पीएचपी ७ आलं आणि ६४ बिट विंडोजवरसुद्धा पूर्णांक ६४ बिटचा झाला, मोठ्या फाइली नीट चालायला लागल्या, माझा कॉमचा जुगाड निरुपयोगी. ६४ बिटची जमेची बाजू एवढी मोठी की ९२२ कोटी जीबी बसतात, एका तासाच्या सत्तर कोटी कॅसेटी. एवढी लग्नं सांगली जिल्ह्यात व्हायची नाहीत. पण २०१४ च्या डिसेंबरमधे एका कोरियन गाण्याच्या व्ह्यूजनी त्याच २१४ कोटींची वेस गाठली आणि यूट्यूबने जाहीरपणे सांगितलं की एवढं कुणी बघेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. पेनड्राइव्ह अजूनही बरेच फॅट३२ नावाच्या जुन्या फाइल सिस्टीममधे येतात, त्यांच्यावर ४ जीबीला एक बाइट कमी एवढीच फाइल जाते, आणि दर चार महिन्यांनी कुणीतरी मला विचारतं की पेनड्राइव्ह बत्तीसचा आहे, पिच्चर पाचचा आहे, मग जात का नाही. आणि १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या घड्याळात सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंद, तेव्हा ३२ बिटमधे सेकंद मोजणाऱ्या जुन्या मशिनींची वही संपते. मी तोवर रिटायर होईन बहुतेक. आण्णा म्हणतात आठ वाजता म्हणजे तेव्हा लाइट असतीय का बघा आधी.

त्या ज्युनियर पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्या हळदीचं काय झालं?

डीव्हीडी त्या घरी होतीच, मिक्सिंग आधीच झालं होतं, त्यामुळं पार्टीला काही कळलं नव्हतं. पण तेव्हा हळदीवर मूळ आवाज ठेवायची पद्धतच नव्हती, वरून पिच्चरचं गाणं टाकायचं. म्हणजे बायका मांडवात बसून तोंड हलवतायत आणि आवाज भलताच. त्या घरातली मोठी काकू जात्यावरच्या ओव्या म्हणण्यात पटाईत, तिने त्या रात्री जवळजवळ अर्धा तास म्हटल्या होत्या, आणि त्या फक्त रॉ मधे होत्या. तीन-चार वर्षांनी नवरीचा भाऊ नेमका तेच मागायला आला. तो आवाज द्या म्हणाला, बाकी काय नको.

आण्णांनी मला फोन केला नाही. ते स्वतः त्या घरी गेले आणि काकूंना सरळ सांगितलं, गेलं म्हणून, आमच्या हातनं गेलं. काकू म्हणे हसल्या. "मग परत म्हन्ते की, त्यात काय. काढ तुझा मोबाइल." चुलीपुढं बसून म्हटलं त्यांनी, जातं नाही काही नाही, पण अर्ध्याच आठवल्या. उरलेल्या त्यांच्या जावेला यायच्या, दोघी मिळून म्हणायच्या त्या, आणि जाऊ त्या मधल्या काळात गेल्या होत्या.

चॅटवर एका वेळी १६ एमबीच्या वर व्हिडिओ जात नव्हता, तसं स्पष्ट सांगत होतं ते, म्हणून आण्णांनी पोराकडून दोन तुकडे करून मला पाठवले. पाठोपाठ फोन. दोन्ही तुकडे मिळून किती भरले ते विचारत होते. मी बघून सांगितलं, २३ एमबी.

"माज्याकडं पन तेवढंच दाखवतंय," म्हणाले, आणि ठेवला फोन.